आर आणि गुंठा एकच का? सातबाऱ्यावर एक, तोंडी दुसरं, दस्तात तिसरं

भीमाकाठचा:
राम राम मंडळी. डोक्याचा भुगा झालाय म्हणून इथं टाकतोय, जाणकारांनी सांगावं. शिरूर तालुक्यात आमची रस्त्याकडंची जमीन आहे. आजोबांच्या नावावर दोन एकर, जुन्या उताऱ्यावर पण २ एकर ० गुंठे असंच लिहिलंय. पुढं उतारे हेक्टरात आले तेव्हा ते ०.८१ झालं. मग वडील आणि चुलते यांची वाटणी झाली, निम्मं निम्मं, बांध बरोबर मधोमध घातला, त्याबद्दल आजतागायत कुणाची तक्रार नाही. पण सातबाऱ्यावर वडिलांच्या नावापुढं ०.४० लागलंय आणि चुलत्यांच्या नावापुढं ०.४१. इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही कारण घरात सगळे "चाळीस-चाळीस गुंठे" असंच बोलत आले.

आता रस्ता रुंद झाला आणि एक पार्टी आलीये, गुंठ्याला १२ लाख म्हणते. एजंट म्हणतो ०.४० म्हणजे ४० आर, आर म्हणजेच गुंठा, उगं खोलात जाऊ नका, ४० गुंठ्यांचे पैसे घ्या आणि मोकळे व्हा. चुलतभाऊ हसत हसत म्हणतो "मग आमचे एक्केचाळीस". मूल्यांकनाचा कागद काढला तर तो चौरस मीटरमध्ये, पार्टीचा आर्किटेक्ट बोलतो चौरस फुटात, आणि आमचे वडील अजून एकराशिवाय बोलत नाहीत. जमीन एकच, मापं चार.

तर पहिला प्रश्न, आर आणि गुंठा खरंच एकच आहे का? आणि दुसरा जरा मोठा, वजनमापाचा दशमान कायदा होऊन पासष्ट-सत्तर वर्षं झाली, किलो-लिटर आपण बिनतक्रार घेतलं, मग जमीन, घर, वाळू, पाणी इथंच हे जुनं का चिकटून राहिलंय? सरकारनं सक्ती करायला पाहिजे का राहू द्यावं?

निवांत_नगरकर:
एजंटला विचारा, आर आणि गुंठा एकच असेल तर तुमची दलाली आरवर लावू का म्हणून. लगेच फरक सांगेल तो.

मोजणीदार_निवृत्त:
भूमी अभिलेख खात्यात नोकरी गेली सगळी, त्यामुळे जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

एक नाही. जवळजवळ एक आहेत, आणि सगळी गोची त्या "जवळजवळ" मध्येच आहे. एकर आणि आर मध्ये कुणी घोटाळा करत नाही कारण आकडाच अंगावर येतो. पण गुंठा भरतो १०१.१७ चौरस मीटर आणि आर सरळ १०० चौरस मीटर. टक्क्याच्या आसपास फरक, म्हणून लोक सरसकट एक धरतात. एका गुंठ्याला सव्वा चौरस मीटर सुद्धा नाही, पण हेक्टरभर क्षेत्र असलं की १०० आरचे ९८.८४ गुंठेच होतात, म्हणजे साडेबाराशे चौरस फुटाच्या वर जागा नुसती बोलण्यात इकडची तिकडं.

आता हे गुंठ्याचं आलं कुठून ते बघा, कारण ती पद्धत वेडीवाकडी नव्हती. इंग्रजांची जमिनीची साखळी ६६ फुटांची, दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. मुंबई इलाख्यात आपण वापरली ३३ फुटी, तिचे सोळा आणे. ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तो झाला गुंठा. असे ४० मिळून ४३,५६० चौरस फूट, तो एकर. शंकू घेऊन काटकोन काढायचा, साखळी टाकायची, आणि एकर-गुंठे-आणे असं क्षेत्र लिहायचं. १८३५ च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी इंदापूर तालुक्यापासून जी नवी मोजणी सुरू केली तिच्यातून पुढं सगळा इलाखा या पद्धतीत आला. त्याच्या आधी आपल्याकडं बिघा, पांड, काठी, चाहूर होतं. म्हणजे आज आजोबा ज्याला "आपलं जुनं माप" म्हणतात तो एकर पण मुळात साहेबानंच आणलेला आहे, हे लोक सोयीनं विसरतात.

तुमच्या कागदाचं सांगतो. २ एकर म्हणजे ८०.९४ आर. त्या वेळी उताऱ्यावर आरच्या खाली चौरस मीटर लिहायची पद्धत सर्रास नव्हती, पूर्ण आरात बसवून मोकळे व्हायचे. म्हणून ८०.९४ चं ८१. इथवर ठीक, सहा चौरस मीटर कागदावर तुम्हाला फुकट मिळाले म्हणा. पण ८१ चे दोन सारखे भाग पूर्ण आरात होत नाहीत ना! मग लिहिणाऱ्यानं एकाला ४० टाकले आणि दुसऱ्याला ४१. जागेवर बांध मधोमध, कागदावर एक आर इकडं जास्त. असे उतारे मी ढिगानं बघितलेत, आणि जमिनीला भाव नव्हता तोवर कुणी विचारायला सुद्धा येत नव्हतं.

हिशेब असा : ०.४० म्हणजे ३९.५४ गुंठे. ०.४१ म्हणजे ४०.५३ गुंठे. दोघांना सारखं केलं तर प्रत्येकी ०.४०.५० (हेक्टर.आर.चौरस मीटर), म्हणजे ४०.०३ गुंठे. तुमच्या दरानं तुम्ही आणि चुलते यांच्यात बारा लाखाच्या आतबाहेर फरक पडतोय आणि तो फक्त पूर्णांक करण्यामुळं.

आता मला एक सांगा, साठेखताचा (विक्रीच्या आधीच्या कराराचा) मसुदा आला असेल तर त्यात "मोजणीअंती जे क्षेत्र भरेल त्याप्रमाणे रक्कम कमी-जास्त करण्यात येईल" असं वाक्य आहे का?

भीमाकाठचा:
काका, आहे ना. अगदी असंच आहे, आणि वर क्षेत्र "०.४० आर (४० गुंठे)" असं कंसात टाकलंय. मला वाटलं हे सगळीकडं असतं.

मोजणीदार_निवृत्त:
असतं सगळीकडंच. पण तुमच्यात तो कंस आणि ते वाक्य एकत्र आलंय. शिवाय ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर, "०.४० आर" लिहिलं तर ४० चौरस मीटर झालं, एवढं सुद्धा ड्राफ्ट करणाऱ्याला सुचलेलं नाही. आज तोंडावर ४० गुंठ्यांचा भाव ठरेल, विसार मिळेल, तुम्ही खूश. मोजणीत आणि सातबाऱ्यात ४००० चौरस मीटर आले की म्हणतील ३९.५४ गुंठेच भरले, साडेपाच लाख कमी करा. आणि तेव्हा तुमचा हात विसाराखाली दबलेला असेल. पार्टी वाईटच असेल असं नाही, वकिलानं छापील मसुदा ढकलला असेल, पण सही तुमची असणार आहे.

खडी_क्रशर_मुरूम:
काकांचं सगळं बरोबर पण मी दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. बांधकामात आहे, आमच्याकडं रोज सगळी मापं एकाच साईटवर नांदतात आणि कुणाचं काही अडत नाही. सळई मागवताना बिलावर ८ मिमी, १० मिमी, १२ मिमी असतं आणि फिटर ओरडतो अडीच सूत, तीन सूत, चार सूत. प्लायवूड लांबी-रुंदीला आठ बाय चार फूट आणि जाडीला १८ मिमी, एकाच तुकड्यात दोन पद्धती, बोला! शेतातला पीव्हीसी पाईप दुकानात ६३, ७५, ९०, ११० असा छापून येतो आणि गिऱ्हाईक मागतं दोन इंची, अडीच इंची, तीन इंची, चार इंची. दुकानदाराला बरोबर कळतं, पाईप बरोबर जातो. मग प्रॉब्लेम कुठंय?

आणि ब्रासचं तर विचारूच नका. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, साधारण २.८३ घनमीटर. वाळू, खडी, मुरूम, डबर सगळं ब्रासवर. प्लास्टर, फरशी, रंगाचा ब्रास वेगळा, तो शंभर चौरस फुटांचा. बाहेरच्या इंजिनिअरला पहिल्या आठवड्यात चक्कर येते. पण लक्षात घ्या, गौण खनिजाची रॉयल्टी सरकार स्वतः ब्रासवर घेतं, दंडाच्या नोटिसा ब्रासवर निघतात, मग मी घनमीटर कुणाला सांगू?

लुटायचं असेल तर घनमीटरमध्ये पण लुटता येतं राव. गाडीचा हौदा टेपनं मोजायचा, १२ फूट लांब, ७ फूट रुंद, अडीच फूट उंच, गुणाकार २१०, भागिले शंभर, दोन ब्रास दहा. कागदावर हे एकदम चोख. पण वाळू ओली असली की फुगते, चांगली पाव हिश्श्यानं सुद्धा फुगते, भिजून पार चिंब झाली की परत बसते. म्हणजे जरा दमट वाळू भरून आणली की घनफूट बरोबर आणि माल कमी. त्यात हौद्याच्या तळाला लाकडी फळ्या टाकून उंची खाणारे, मधे उंचवटा आणि कोपरे रिकामे ठेवणारे. यातलं काय मीटर लावल्यानं थांबणार आहे? मी तर आता वजनकाट्याची पावती मागतो आणि एक गाडी स्वतः पसरून मोजतो. माप कुठलं हे गौण आहे, मोजताना उभा कोण राहतो ते बघा.

दशमान_पाईक:
खडीशेठ, तुम्हाला दोन्ही भाषा येतात म्हणून तुमचं अडत नाही. अडतं कुणाचं, तर ज्याला एकच येते त्याचं. वरती प्रश्न विचारणाऱ्या दादाचंच बघा की, एजंटला आर-गुंठा दोन्ही येतं आणि दादाच्या वडिलांना फक्त एकर. दोन मापं शेजारी ठेवली की मधे दुभाषा लागतो आणि दुभाषा फुकट काम करत नाही.

सक्ती केली तर होतं, हे आपण करून दाखवलंय. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले, त्याआधी १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै असं होतं. वजनमापाचा कायदा १९५६ चा, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत शेर-छटाक बाजारातून हद्दपार. तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी कमी लोक शिकलेले होते आणि कॅल्क्युलेटर कुणाकडंच नव्हता. तरी झालं. कारण जुनी वजनं दुकानात ठेवायलाच बंदी आली, दोन्ही चालतील असं म्हटलं नाही.

आणि आज सरकारच उलटं करतं. टीव्हीवाल्याला ३२ इंच असं एकटं लिहिता येत नाही म्हणून तो ८० सेमी लिहून कंसात ३२ इंच टाकतो, वैधमापनशास्त्राचा २००९ चा कायदा तसा आहे. पण मुंबईत मालमत्ता कर माफ केला तो ५०० चौरस फुटांपर्यंत. झोपडपट्टी पुनर्वसनात घर देणार ३०० चौरस फुटांचं. सन २००१ चा कायदाच आहे गुंठेवारी नावाचा! वरनं नेते असं बोलणार आणि खाली सातबाऱ्यावर हेक्टर-आर. मग लोकांनी काय शिकायचं?

बिल्डर चौरस फूट का सोडत नाही ते पण सांगतो. महारेराच्या साईटवर कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये असतो, करारात पण असतो. पण दहा हजार रुपये फूट म्हटलं की बरं वाटतं, तोच दर १ लाख ७ हजार ६३९ रुपये मीटर म्हटला की गिऱ्हाईक खुर्चीतून उठतं.

खडी_क्रशर_मुरूम:
खुर्चीतून उठत नाही ओ पाईकसाहेब, चहा पिऊन उठतं. पण हे बाकी मान्य की फुटात घर कळतं. दहा बाय बाराची खोली म्हटलं की बाईमाणूस सुद्धा पलंग कुठं आणि कपाट कुठं ते डोळ्यासमोर आणतं. ११ चौरस मीटर म्हटलं तर काय दिसतं तुम्हाला?

घरधनीण:
"बाईमाणूस सुद्धा" म्हणजे काय हो भाऊ? आमच्या घराच्या प्लॅनवर चौरस मीटरवरनं फूट काढून चूक पकडली ती मीच. असो.

जुन्या मापांचं फार कौतुक चाललंय म्हणून सांगते. सासूबाईंकडे अजून लोखंडी पायली, शेर, मापटं, चिपटं, कोळवं असा सगळा संच आहे, दिसायला झकास. पण ती भरायची मापं, वजनाची नाहीत. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर बाजरी तागडीत टाकली तर सारखी भरत नाही. त्यात शीग लावून द्यायचं का सपाट, यावरून बायकांची भांडणं व्हायची. आणि गावोगाव वेगळं. कुठे बारा पायलीचा मण, कुठे सोळाचा, सोयरीक दुसऱ्या तालुक्यात झाली की मापाचा हिशेब नव्यानं. तोळ्याचा शेर वेगळा, तो ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम, त्याचा मण सव्वासदतीस किलोचा. जुन्या मुंबईच्या बाजारातला मण तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. आठवणी ठीक आहेत पण त्या मापात मला किराणा नको.

सराफकट्टा:
तोळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा मासे, मासा आठ गुंजांचा. आज पेठेत तोळा म्हटलं की १० ग्रॅम. बिल ग्रॅममध्येच होतं, तोळा फक्त बोलण्यापुरता उरलाय. गडबड होते ती आजीच्या पाटल्या मोडायला आणल्या की. घरच्या वहीत "चार तोळे" लिहिलेलं असतं, काट्यावर ४६ ग्रॅमच्या वर भरतात, आणि ज्याला माहीत नाही तो चार तोळे म्हणजे ४० ग्रॅम धरून बसलेला असतो. त्यामुळे वही वाचून सांगायचं नाही, आधी काट्यावर ठेवायचं.

पाटबंधारे_पेन्शनर:
पाण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या खात्यात हा वाद रोजचा होता. कोयना १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणायची आणि जायकवाडी २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर) म्हणायची. पश्चिम महाराष्ट्रातली बैठक टीएमसीत चालते, मराठवाड्यातली बरीचशी दशलक्ष घनमीटरमध्ये, आणि दोन्हीकडचे लोक एका टेबलावर आले की अर्धा तास गुणाकारात जातो. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. जायकवाडी १०२ टीएमसीच्या पुढं आहे, म्हणजे कोयनेच्या बरोबरीची, पण आकडे वेगळे असल्यामुळं कित्येकांना ते जाणवतच नाही.

टीएमसी का जात नाही, तर दोन कारणं. एक म्हणजे हाताशी बसणारा हिशेब. विसर्ग क्यूसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफूट. ११,५७४ क्यूसेक चोवीस तास सोडलं की एक टीएमसी गेलं. पुराच्या रात्री कंट्रोल रूममध्ये बसलेल्याला एवढा एक आकडा पाठ असला की पुरतो, धरणात किती येतंय, किती सोडतोय, सकाळपर्यंत किती चढेल हे तो तोंडी सांगतो.

दुसरं कारण मोठं आहे. कृष्णेचं वाटप बच्छावत लवादानं टीएमसीत केलंय, महाराष्ट्राला ५६०. हे १५,८५७.४ दलघमी होतात. आता तो .४ कुणी सोडायचा? सोडला तर ४० कोटी लिटर पाणी आहे ते. म्हणजे वरच्या ८१ आरचं जे झालं तेच राज्याराज्यांमध्ये होईल, आणि इथं चुलतभाऊ हसत हसत बोलणारा नाही, सुप्रीम कोर्टात जाणारा आहे. म्हणून निवाड्यातलं माप कुणी हलवत नाही. पाईकसाहेब, तुमची सक्ती नव्या कागदाला चालेल, पण जुना कागद ज्या मापात आहे त्याच मापात तो वाचावा लागतो.

मांडवीकाठ:
गोव्यातून. हे वाचून मजा वाटली कारण आमच्याकडे प्लॉट म्हटला की चौरस मीटरच. पाचशे मीटरचा प्लॉट, शंभर मीटरचा फ्लॅट, असंच बोलतात, "चौरस" सुद्धा म्हणत नाहीत. एक-चौदाचा उतारा (आमचा सातबारा) पण हेक्टर, आर, चौरस मीटर. पोर्तुगीजांनी एकोणिसाव्या शतकातच मेट्रिक घेतलं होतं म्हणून इंग्रजांचा एकर-गुंठा आमच्या कागदात कधी रुजलाच नाही. त्यामुळे माणसाला चौरस मीटर डोळ्यासमोर आणता येत नाही हे खडीवाल्यांचं म्हणणं मला पटत नाही, माझ्या आईला येतो. सवयीचा भाग आहे सगळा.

उलट हल्ली पुण्या-मुंबईहून दुसरं घर घ्यायला लोक येतात आणि फुटात रेट विचारतात, म्हणून दलाल जाहिरातीत दोन्ही टाकायला लागलेत. म्हणजे साफ असलेली गोष्ट बिघडायला लागलीये.

न्यूजर्सीकर:
अमेरिकेतून दोन ओळी. इथे रस्त्यावर मैल, बाहेर फॅरनहाइट, दुधाला गॅलन, पण औषध मिलिग्रॅममध्ये आणि कोल्ड्रिंकची बाटली दोन लिटरची. १९७५ ला मेट्रिकचा कायदा झाला, ऐच्छिक ठेवला, १९८२ ला त्याचं मंडळच बंद केलं. ऐच्छिक ठेवलं की काय होतं त्याचा नमुना म्हणून हा देश बघावा. १९९९ ला मंगळाचं यान गेलं ते एका बाजूनं पौंडात आणि दुसऱ्या बाजूनं न्यूटनमध्ये आकडे धरल्यामुळे.

पण खरी गंमत सर्वेवाल्यांची. इथे फूटच दोन होते! १९५९ ला यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर असं ठरलं, पण जमीन मोजणीला जुना फूट तसाच ठेवला कारण सगळे नकाशे त्यात. फरक दहा लाखात दोन, म्हणजे प्लॉटवर काहीच नाही, पण राज्यभराच्या कोऑर्डिनेटला लावला की फूटच्या फूट सरकतात. तो जुना फूट २०२२ संपताना अधिकृतपणे बंद केला. साठ वर्षं लागली. पेन्शनरकाकांचा जुन्या कागदाचा मुद्दा इथे पण तंतोतंत आहे.

दशमान_पाईक:
पेन्शनरकाका, तुमचा मुद्दा घेतला. जुना निवाडा जुन्या मापात राहू द्या. पण दादाच्या गावात आज जो नवा दस्त होतोय त्यात कंसात गुंठे कशाला? तिथं तर काही जुनं नाही ना. मूळ आकडा हेक्टर-आर-चौरस मीटर, कंस बंद, एवढा एक नियम केला तरी निम्मी भांडणं जातील.

खडी_क्रशर_मुरूम:
नियम केला तरी भाव गुंठ्यावरच ठरणार ओ. चहाच्या टपरीवर कोण चौरस मीटरचा दर करतंय. तुकडेबंदीत बघा, विकता येईल असं किमान क्षेत्र २०२३ ला जिरायतीला २० आर आणि बागायतीला १० आर केलं, कागदावर आर आहे, अख्खा महाराष्ट्र वीस गुंठे आणि दहा गुंठे म्हणतोय.

निवांत_नगरकर:
आणि २० गुंठ्यांत २० आर बसून वर २३ चौरस मीटर उरतात, तिथं पत्र्याची टपरी टाका. चहा तिथंच घेऊ.

भीमाकाठचा:
सगळ्यांचे आभार. आज वडील आणि चुलते दोघांना एकत्र बसवून काकांचा हिशेब कागदावर दाखवला. चुलते म्हणाले बांध मधोमध आहे ना, मग कागद पण मधोमध पाहिजे, सही देतो. चुलतभावाचं तोंड जरा वाकडं आहे पण तो बापापुढं बोलत नाही. पार्टीला सांगितलं की भाव गुंठ्याचा ठेवायचा तर ठेवा, पण दस्तात क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर, कंसातलं काढा, आणि एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर धरून हिशेब होईल असं वाक्य टाका. एजंट म्हणाला असं कोण लिहीत नाही. म्हटलं आम्ही लिहितो.

काका, आता उताऱ्याची दुरुस्ती कशी करायची आणि मोजणी आधी का नंतर? तिथं सध्या ऊस आहे.

मोजणीदार_निवृत्त:
शाबास, चुलते भले माणूस आहेत. तर आधी वाटणीचा फेरफार (हक्कबदलाची नोंद) आणि आकारबंद (गटाचं क्षेत्र-आकाराची नोंद) दोन्हीची नक्कल काढा. एकूण क्षेत्र ०.८१.०० तसंच राहतं, फक्त दोन नावांपुढं ०.४०.५० आणि ०.४०.५० होतं. फेरफारात "निम्मे निम्मे" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर लेखनप्रमाद म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडं अर्ज करता येतो. तसं नसेल आणि तिथंच ४०-४१ लिहिलेलं असेल तर १५५ मध्ये बसवायचा हट्ट करू नका, उद्या कुणीतरी अपिलात जाऊन उडवतं, वकिलाकडून दोघांच्या संमतीचा वेगळा दस्त करून घ्या. टिपण (जुन्या मोजणीचा कच्चा नकाशा) आणि फाळणी नकाशा (वाटणीचा) मिळाला तर झेरॉक्स जवळ ठेवा, त्यात जुनी साखळीची मापं असतात.

मोजणी साठेखताच्या आधी. आणि मनाची तयारी ठेवा की जागेवर ८१ भरणारच असं नाही, ८०.६० पण निघेल, एवढा फरक चालतो. तो दोघांत सारखा वाटायचा हे आत्ताच लिहून ठेवा. ऊस तुटल्यावरचीच तारीख घ्या, उभ्या उसात रोव्हर (उपग्रहावरनं मोजायचं यंत्र) फिरवता येईल कसाबसा पण खुणा दाखवता येत नाहीत, आणि चुलतभावाला त्या दिवशी बांधावर हजर ठेवा.